गाडी कोण चालवत होतं

आकुर्डी,
१५ जून २०२५

चि. बुद्धरत्न यास,

जयभीम. तू तुझ्या पत्राच्या माथ्यावर 'प्रभूच्या नावाने सलाम' लिहिलंयस. मी तो घेतला नाही, तेवढी पट्टी फाडून टाकली. माझा जयभीम तुला चालत नसेल तर तूही फाड.

पत्र भैरूने दिलं. आमच्या कंपनीची बस वाकडवरून येते, तर तू म्हणे चौकात त्याला गाठलंस, हातात पाकीट कोंबलंस आणि लंगडत निघून गेलास. मी तुझा नंबर बंद केलाय म्हणून ही पोस्टमनकी बिचाऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात. त्याला वाटतंय आपला घराच्या वाटणीवरून वाद चाललाय. वाटू दे.

चार पानं लिहिलीस. शाळेत 'माझी सहल' लिहिताना चौथ्या ओळीला तुला घाम फुटायचा, आणि बाकीचा निबंध मी लिहून द्यायचे. आता एवढं लिहितोस म्हणजे पाळकाने बरंच शिकवलेलं दिसतं. तळवड्याला टायरच्या दुकानावर तुमचं प्रार्थना भवन आहे. तिथे एप्रिलमध्ये तुला पाण्यात बुडवून वर काढलं. वर आलास तो नवाच माणूस होतास. वाचून मला हसू आलं. मोडलेला पाय त्या हौदात वाकला का, की तोही नवा निघाला? सहज विचारते.

पहिली दोन पानं नुसती योगिनीची. हॉस्पिटलात तुझ्या पायाला पट्टी करणारी नर्स, तिने ड्युटी संपल्यावर तुझ्या खाटेशी बसून प्रार्थना केली, मग तिच्याशीच लग्न. ते सगळं मला माहीत होतं. खरी गोष्ट तिसऱ्या पानावर आली. 'ताई, प्रभूने मला क्षमा केली आहे. आता मला आईसमोर जाऊन तनुजाबद्दल खरं बोलायचं आहे.'

क्षमा केली म्हणजे कुणी केली रे? तनुजा त्याची कोण लागत होती? बावीस वर्षांची आपली बहीण गेली, डी.फार्मचं शेवटचं वर्ष होतं तिचं, आणि माफ करून मोकळा कोण झाला, तर ज्याच्या घरचं कुणी गेलंच नाही तो.

मी चाकणला वायरिंगच्या लाइनवर तपासणीला आहे. खराब निघालेला माल आम्ही लाल पेटीत टाकतो. पण कधी कधी गिऱ्हाइकाला घाई असते. मग ते लिहून देतं, की दोष असू दे, आम्ही चालवून घेतो. त्या कागदावर लाल पेटीतला माल गाडीत चढतो. दोष जिथल्या तिथे असतो, फक्त सोबत कागद असतो. तुझा येशू मला तसलं गिऱ्हाईक वाटतो. तुझ्यावर त्याची चिठ्ठी लागली आणि तू लाल पेटीतून सुटलास. मी अजून पेटीतच आहे, हे तुझ्या लक्षात आलं का?

कारण गाडी कोण चालवत होतं, हे जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे.

आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. परतल्यावर तिला पेला धरवत नाही. तू येऊन तिला खरं सांगशील आणि हलका होऊन वाकडला जाशील. मागे ती काय होईल, ते बघायला मी असेन. तेव्हा येऊ नकोस.

ताई

आकुर्डी,
६ जुलै २०२५

बुद्धरत्न,

तुझं दुसरं पत्र मिळालं. लिहितोस, 'तुमच्या धम्मात माफी मागायला कुणीच नाही, म्हणून तू आतल्या आत कुढतेस.' 'तुमच्या' हा शब्द मी तीनदा वाचला. ज्या विहारात बाबा वीस वर्षं वंदना घ्यायचे, जिथे तू त्यांच्या मांडीवर बसून त्रिशरण पाठ केलंस, ते आता 'तुमचं' झालं. बाबा गेले ते बरं झालं, असं मी कधी म्हणाले नव्हते. आज म्हणते.

पण तू वाद घातलायस तर मीही घालते. तुमच्यात वर एक बाप बसलाय, त्याने जग केलं, तो ऐकतो, रागावतो, माफ करतो. आमच्यात वर कुणी नाही. बुद्ध माणूस होता आणि तो गेला. आम्ही त्याच्यापुढे मेणबत्ती लावतो, पण त्याच्याकडे मागत काही नाही. मेणबत्तीचा पुडा मात्र तुम्ही आणि आम्ही एकाच दुकानातून आणतो, हे मला परवा कळलं. दुकानदार म्हणाला, तुमचा भाऊ कालच नेऊन गेला.

तुमच्यात आत्मा आहे आणि तो स्वर्गात जातो. मग तुझ्या पाळकाला एक विचार. तनुजाने बाप्तिस्मा घेतला नव्हता, तिला तुझा येशू माहीतसुद्धा नव्हता. मारणारा धुतला गेला आणि स्वर्गात जाणार. मग मेलेली कुठे गेली? पाळकाचं उत्तर जसंच्या तसं लिहून पाठव, गुळगुळीत करू नकोस. आमच्यात आत्माच नाही, त्यामुळे ती कुठे गेली हा प्रश्न मला पडत नाही. केलेलं तेवढं मागे राहतं आणि पिकतं. तुमच्यात पाप दुसऱ्याला उचलता येतं. आमच्यात फार तर पुण्य वाटता येतं, गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. पाप ज्याचं त्यानेच वागवायचं.

बाबा सांगायचे, दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण गेलं की दुःख जातं, आणि ते घालवायला वाट आहे. आमच्या कंपनीत गणराज साहेब हेच शिकवतात आणि त्यांना ते जपानी वाटतं. लाइनवर काही बिघडलं की फळ्यासमोर उभं राहायचं आणि पाच वेळा 'का' विचारायचं. माणसावर थांबायचं नाही, कारणापर्यंत जायचं. मी तुझ्यासाठी एकदा डब्याच्या सुट्टीत पाठकोऱ्या कागदावर करून पाहिलं.

तनुजा का गेली? डोकं दुभाजकावर आपटलं. का? गाडी घसरली. का? चालवणारा प्यालेला होता. का? मित्राच्या हळदीला गेला होता, आणि मागे बहीण बसलीय याची त्याला शुद्ध नव्हती.

मग दुसरा कागद घेतला. आई मेलेल्या पोरीला शिव्या का घालते? कारण तिला वाटतं, लायसन्स नसताना तनुजाने हट्टाने गाडी घेतली, स्वतः मेली आणि भावाचा पाय घालवून गेली. तिला असं का वाटतं? कारण चौकीच्या कागदावर तसं लिहिलंय. तसं का लिहिलंय? कारण हवालदाराने विचारलं, गाडी कोण चालवत होतं, आणि मी सांगितलं, तनुजा. तू शुद्धीवर नव्हतास. मागे बसलेल्याचं रक्त कुणी तपासायला घेत नाही, हे मला त्या क्षणी कसं सुचलं कोण जाणे. मी का सांगितलं? तू महिन्यापूर्वीच नोकरीत कायम झाला होतास, बाबा नव्हते, आणि ती तर गेलीच होती. तू डोळे उघडलेस तेव्हा मी तुझ्या कानात तेच सांगितलं आणि तूही तेच बोललास. पाचवा 'का' मी लिहिला नाही, कागद डब्यात घातला.

आईने तनुजाचा फोटो अजून भिंतीवर लावू दिलेला नाही. बाबांचा आहे, शेजारची जागा रिकामी आहे. परवा शेजारच्या कौशल्याबाईंनी तनुजाचं नाव काढलं, तर आई म्हणाली, "मेली ती सुटली. पोराला मातुर जन्माचा लंगडा करून गेली." मी भात ढवळत होते, ढवळत राहिले.

तू १३ तारखेला येतोस, असं लिहिलंयस. ये, तुझी मर्जी. पण मग पुढचं माझ्या नावाने बोलायचं नाही.

ताई

आकुर्डी,
२० जुलै २०२५

बुद्धरत्न,

तू गप्प का बसलास, हे विचारण्यासाठी मी लिहितेय. बाकी तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुला अंदाज आलाच असेल. तरी सांगते, म्हणजे तुझ्या प्रार्थनेत नीट सांगता येईल. तू रविवारी येणार होतास म्हणून मी शुक्रवारीच आईला सांगितलं. तिला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. तुझी दोन्ही पत्रं तिच्यापुढे धरली आणि वाचून दाखवते म्हणाले. गाडी तू चालवत होतास, तू प्यालेला होतास, हे तुझंच वाक्य मी जसंच्या तसं वाचलं. पुढची ओळ तू लिहिलेली नव्हतीस. ती मी वाचली. 'पोलिसांना मीच सांगितलं की गाडी तनुजा चालवत होती, आणि ताईला आजवर काही माहीत नव्हतं.' वाचताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तपासणीला बसणाऱ्या बाईचे डोळे आणि आवाज दोन्ही पक्के लागतात.

आईने सगळं ऐकलं. मग उठली. मी हात द्यायला गेले तर तिने तो बाजूला केला. पत्र्याच्या पेटीतून तनुजाचा फोटो काढला आणि म्हणाली, "खिळा ठोक." बाबांच्या शेजारी मी खिळा ठोकला. त्या रिकाम्या जागेकडे बघत तीन वर्षं जेवले होते, त्यामुळे माप घ्यावं लागलं नाही. आई फोटोपुढे बसून तोंडात मारून घेत होती. मी तिचे हात धरले नाहीत. तेवढं तरी तिने तनुजासाठी करावं, असं मला वाटलं.

रविवारी तू आलास. मला वाटलं होतं भांडण होईल. माझी तयारी होती, सगळी वाक्यं मी शिफ्टमध्ये घोकली होती. तू म्हणणार, मी तसं लिहिलंच नाही. मी म्हणणार, मग दाखव पत्र. आणि पत्रं मी शनिवारीच गॅसवर धरून जाळली होती. पण आईने जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच विचारलं, "पोलिसांला माझ्या लेकीचं नाव तूच सांगितलं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी आईच्या मागे उभी होते. आणि तू म्हणालास, "व्हय आई. मीच सांगितलं."

आई म्हणाली, "मग तू माझा न्हाईस. जा." तू जिना उतरलास, एकेक पायरी, तो पाय ओढत. खाली योगिनी होती. तिने वर पाहिलं आणि मला नमस्कार केला. तो बघून माझ्या अंगाची आग झाली.

का बोलला नाहीस? ही तुमच्या भवनात शिकवलेली युक्ती आहे का? मला खजील करायचं होतं? झाले नाही, एवढं कळवते.

भाग्यश्री

आकुर्डी,
१४ सप्टेंबर २०२५

बुद्धरत्न,

तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ, आणि तीही किती गोड. 'ताई, तुझा भार मी घेतला, तू मोकळी हो.' मी तुझ्याकडे भार घे म्हणून अर्ज केला नव्हता. तुमच्यात विचारायची पद्धत नाही का? बसमध्ये कुणी पिशवी धरू का म्हणून विचारतं तरी.

आईचं विचारलंस. तिची तब्येत उतरत चाललीय. पण तोंड चालू असतं, आणि त्यात सगळं माझंच कौतुक. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या सरूबाईंना सांगते, "माझी भाग्या खरी. भावाचं पाप कळल्यावर तिनं लपवलं न्हाई. लगीन केलं न्हाई, माझ्यासाठी बसली, आन् खोटं कधी बोलली न्हाई." दर मंगळवारी आणि शनिवारी मी हे चार-चार तास ऐकते. नळीतून तिचं रक्त फिरत असतं आणि ती माझ्या खरेपणावर बोलत असते. तू समोर येऊन ओरडला असतास तर यातलं काहीच झालं नसतं. म्हणून म्हणते, तू मला उचललं नाहीस, खाली दाबलंस.

सध्या पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं. सुरुवातीला पंचशील घेतात. पहिली तीन शीलं मी मोठ्याने म्हणते. चौथं येतं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा मी नुसते ओठ हलवते. पाचवं पुन्हा मोठ्याने. दारू मी कधी प्याले नाही, ते शील मला हक्काने म्हणता येतं. परवा शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, घसा बसलाय का.

तुला हे वाचून आनंद झाला असेल, की बघा, ताईला टोचतंय, आता ती येईल आमच्या भवनात, गुडघे टेकेल. नाही येणार. मला तुमचं एक पटत नाही ते सांगते. तुमच्यात रडलं की सुटका आहे. भिंतीला टेकून रडलास, छातीवर हात ठेवलास, सगळ्यांनी हालेलुया म्हटलं, झालं. आमच्यात रडून काही होत नाही. केलेलं उलटं करून दाखवावं लागतं, किंवा भोगावं लागतं. मी भोगायचं ठरवलंय. त्यात तुझी लुडबुड नको.

आणि तुझा तो पाळक गेल्या महिन्यात आईसाठी प्रार्थना करायला दवाखान्याच्या दारापर्यंत आला होता. मी त्याला सांगितलं, साहेब, आमच्या आईला तुमचा देव नको आणि तुमचा भक्तही नको. चांगला माणूस वाटला, काही न बोलता गेला. तुम्हा सगळ्यांना गप्प बसायला शिकवतात का?

भाग्यश्री

आकुर्डी,
१२ ऑक्टोबर २०२५

बुद्धरत्न,

आई गुरुवारी दुपारी गेली. तुला कळलं, कारण तू स्मशानाच्या फाटकाशी पांढरा शर्ट घालून उभा होतास, योगिनी शेजारी. आत येऊ दिलं नाही, ते मीच सांगितलं होतं. आईची तशी इच्छा आहे असं मी मामांना म्हणाले, आणि मामांनी तुला ते येऊन सांगितलं. तू मान डोलावलीस. तिथेच उन्हात उभा राहिलास, धूर संपेपर्यंत. मी आतून दोनदा बघितलं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. आग मी दिली. चौथ्या शीलाला माझे ओठ हलले, बस.

आता ऐक. मला हे तोंडाने सांगता आलं नसतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आईने तुझं नाव घेतलं. दवाखान्यात ठेवलं त्या सोमवारी संध्याकाळी घेतलं, मंगळवारी घेतलं, बुधवारी तर दिवसभर घेतलं. 'रतन', 'माझा रतन', लहानपणी म्हणायची तसं. मंगळवारी म्हणाली, "त्याला बोलव. लई टाकून बोलले मी. मरताना पोराला असं धरून ठिवू न्हाई." म्हणजे आईने तुला माफ केलं होतं. तिला ना तुझा देव लागला, ना माझा धम्म. आपणहून केलं.

मी म्हणाले, लावते फोन. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. फोन हातात होता. तुझा नंबर काढला, बंद ठेवला होता तो उघडला, आणि नाही लावला. आत येऊन सांगितलं, त्याचा फोन लागत नाही. बुधवारी पुन्हा तेच. म्हणाले, रिंग जाते, तो उचलत नाही. ती म्हणाली, "रागावला आसंल." मी म्हणाले, असेल. गुरुवारी सकाळपासून ती दाराकडे तोंड करून पडली होती. कुणीही आत आलं की डोळे उघडायची. दुपारी एकदा उघडले तेव्हा ते औषध द्यायला आलेली नर्स होती.

मी का नाही लावला? तू आला असतास तर ती तुझ्याशी बोलली असती. आणि मरणाऱ्या आईसमोर तू पुन्हा गप्प बसला असतास, तिच्या पायाशी, सगळं आपल्या डोक्यावर घेऊन. आणि मला ते उभ्याने बघावं लागलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. किंवा तू गप्प बसला नसतास, आणि मग माझी भाग्या खरी म्हणता म्हणता तिने माझ्याकडे पाहिलं असतं. तेही नको होतं. मला आई शेवटपर्यंत एकटीला हवी होती. हा तो पाचवा 'का', घे.

आता मला तुझं बघायचंय. तुझा येशू म्हणे, त्याला खिळे ठोकणाऱ्यांनाही माफ करून मोकळा झाला. तनुजाचं मी केलं ते तू माफ केलंस, दारातलं माफ केलंस, फाटकाबाहेर उभं केलं तेही केलं असशील. आता हे कर. तीन दिवस आई तुझी वाट बघत होती आणि वाकड काही लांब नव्हतं. कर माफ. पाळकाला विचार, योगिनीला विचार, गुडघे टेक, आणि मला लिहून पाठव की ताई, हेही मी घेतलं. मी वाट बघतेय.

भाग्यश्री

आकुर्डी,
२ नोव्हेंबर २०२५

बुद्धरत्न,

तुझं उत्तर भैरूने दहा दिवसांपूर्वीच दिलं. तू माझंच पत्र परत पाठवलंस आणि पाठीमागे लिहिलंस, 'ताई, हे मला माफ करता येत नाही.' खाली सही नाही. अक्षर जुनं, शाळेतलं, उजवीकडे झुकलेलं.

मला वाटलं होतं, असं उत्तर आलं की मला बरं वाटेल. पैज जिंकल्यासारखं. पत्र वाचून मी लाइनवर बसले आणि एकामागून एक चांगला माल लाल पेटीत टाकत गेले. गणराज साहेबांनी विचारलं, डोळे तपासलेत का. मग मी तीन दिवस कामावर गेलेच नाही.

योगिनीचा कंपनीत फोन आला होता. रडली नाही. म्हणाली, "ताई, ते दोन रविवार भवनात आलेले नाहीत. पाळक घरी आले तर ते बाथरूममध्ये जाऊन बसले. संध्याकाळी दारूच्या दुकानासमोर गाडी उभी करतात, थांबतात आणि परत येतात. अजून आत गेलेले नाहीत. तुम्ही काय लिहिलंत, ते मी विचारत नाही. मला पाचवा महिना आहे, एवढंच सांगायला फोन केला." मी बरं म्हणाले आणि ठेवला.

तुझ्यापाशी जे होतं ते मी काढून घेतलं. ते खरं होतं की खोटं, मला अजून माहीत नाही. पण त्याच्या जोरावर तू दारूच्या दुकानासमोरून परत येत होतास, आणि मीही त्याच्यावरच जगत होते, हे मला कळलंच नाही. जोवर तू माझं खोटं धरून उभा होतास तोवर मला तुला शिव्या घालता येत होत्या. आता तू ते खाली ठेवलंस, ते माझ्यापाशी आलं, आणि शिव्या घालायला घरात कुणी नाही. मला फार एकटं वाटतं. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही, वाटतं म्हणून लिहिते.

आईला आता काही सांगता येणार नाही. ती संधी तू मागत होतास, ती मी दोघांचीही घालवली. तिचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी म्हणाले, ज्यांच्या नावाने दान द्यायचं त्यांची नावं घ्या. मी आईचं घेतलं आणि तनुजाचं घेतलं. मोठ्याने घेतलं. आणि घेताना आठवलं की चौकीतल्या कागदावर अजून तीच गाडी चालवतेय. लायसन्स नाही, भावाला मागे बसवलंय, वेग जास्त. उद्या कुणी तो कागद काढला तर तनुजा किसन म्हणजे एवढीच मुलगी. ती दुसऱ्यांसाठी औषधाच्या पुड्या बांधायला शिकत होती, मागे बसल्यावर घाबरून डोळे मिटून घ्यायची, हे तिथे कुठेच नाही. तो कागद माझ्या तोंडचा आहे.

मी वकिलाकडे जाऊन आले. जबाब बदलला तर माझ्यावर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागेल. तुझ्यावर दारू पिऊन गाडी चालवून जीव घेतल्याचा. तुझी नोकरी जाईल, कदाचित आत जावं लागेल. वकील म्हणाले, मॅडम, तीन वर्षं झाली, कुणी विचारत नाहीये, कशाला उकरता? मी योगिनीचा पाचवा महिना त्यांना सांगितला. ते म्हणाले, मग तर मुळीच नको. घरी आल्यावर मी दोन दिवस त्यावर विचार केला. आधी तुला वाचवायला मी एका पोरीवर खोटं घातलं होतं. आता तुझ्या पोराला वाचवायला ते तसंच ठेवायचं, तर ते कधी संपायचं नाही.

मंगळवारी मी रजा टाकलीय. सकाळी दहाला चौकीत जाईन. तू आलास तर एका बाकावर बसू. माफ करायला येऊ नकोस, मागायलाही नको. नाही आलास तरी मी गाडी कोण चालवत होतं ते सांगणार आहे.

योगिनीला आजच सांगून टाक. पोलीस दारात आल्यावर तिला कळायला नको.

भाग्यश्री